साठ महिन्यांची शिदोरी: कॉलेज सोडून रोखीचे काम धरावे का?

आपल्या प्रश्नातील परिस्थिती आधी मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असल्यास ते लगेच दिसेल. आपली धाकटी बहीण कॅलिफोर्नियात राहते. ग्रीन कार्ड मिळून तिला तीन वर्षे झाली आहेत, पती काही महिन्यांपूर्वी वेगळे झाले, आणि सात व तीन वर्षांची दोन मुले तिच्याजवळ आहेत. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, तिला ‘कॅल्वर्क्स’ योजनेतून दरमहा रोख मदत मंजूर केली असून पत्रात दोन अटी लिहिल्या आहेत: ही मदत आयुष्यात साठच महिने मिळेल, आणि दर आठवड्याला वीस तास काम किंवा मान्य उपक्रम करावा लागेल. ती कम्युनिटी कॉलेजात डेंटल असिस्टंटचा अभ्यासक्रम करते आहे. ओळखीची मंडळी मात्र सांगतात की कॉलेज सोड, देशी किराणा दुकानात रोख पैशांचे काम मिळते आहे ते धर आणि या सरकारी जाचातून मोकळी हो. तिने काय करावे आणि तीन वर्षांच्या मुलाच्या आईला अशी अट घालणे न्याय्य आहे का, हे दोन प्रश्न आपण नाशिकहून विचारले आहेत.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातील एका काउंटीच्या समाजकल्याण कार्यालयात मी एकोणीस वर्षे नोकरी केली, आधी पात्रता तपासणारी कर्मचारी म्हणून आणि नंतर रोजगार सल्लागार म्हणून. तिने कॉलेज सोडू नये आणि हिशेबात न दाखवता येणारे काम मुळीच धरू नये, असे माझे मत आहे. त्यामागची कारणे सविस्तर सांगते. कारण नातेवाईक ज्या कारणांसाठी उलट सल्ला देतात, ती सगळीच चुकीची नाहीत.

आपल्या पत्रात दोन्ही अटी एकाच दमात आल्या आहेत. प्रत्यक्षात त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. वीस तासांची अट हा हजेरीचा मामला आहे. ती दर आठवड्याला पाळावी लागते, तिला कागदी पुरावा लागतो, आणि एखाद्या महिन्यात चूक झाली तरी ती पुढे दुरुस्त करता येते. साठ महिने ही बरोबर बांधून दिलेली शिदोरी आहे. एकदा खाल्लेला घास परत मिळत नाही. बहुतेक कुटुंबे पहिल्या अटीच्या धास्तीत दुसरीकडे दुर्लक्ष करतात, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी हाती किती महिने उरले हे कळल्यावर घाबरी होतात.

मी तिचे कागद पाहिलेले नाहीत, म्हणून काही गोष्टी तिच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करते. पतीकडून मारहाण किंवा धमक्या झाल्या असतील तर तासांची अट, महिन्यांची मर्यादा आणि मुलांच्या पोटगीसाठी सहकार्य करण्याची सक्ती या तिन्हींमध्ये सवलत मागता येते; सांगायला संकोच वाटतो म्हणून बायका हे लपवतात आणि हक्काची सूट गमावतात. ग्रीन कार्डाला पाच वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला केंद्र सरकारच्या पैशातून ही मदत सहसा देता येत नाही. कॅलिफोर्निया अशा लोकांना राज्याच्या पैशातून मदत देते, म्हणून तिचा अर्ज मंजूर झाला. अनेक राज्यांत तो सुरुवातीलाच नाकारला गेला असता.

आता तासांविषयी. एकट्या पालकाचे सर्वांत लहान मूल सहा वर्षांच्या आतले असेल तर आठवड्याला सरासरी वीस तास, त्यानंतर तीस तास, आणि दोन्ही पालक घरात असतील तर पस्तीस तास, असा कॅलिफोर्नियातील सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे धाकट्याच्या सहाव्या वाढदिवसानंतर तिची अट दहा तासांनी वाढेल. तोपर्यंतची तीन वर्षे शिकण्यासाठी त्यातल्या त्यात सोयीची आहेत. हे तास पगारी नोकरीनेच भरले पाहिजेत असे नाही. केंद्राच्या नियमांत व्यावसायिक शिक्षण बारा महिन्यांपर्यंत कामासारखेच धरले जाते, आणि वर्गातील प्रत्येक तासामागे घरी स्वतः केलेल्या अभ्यासाचा एक तास, अभ्यासक्रमाला तेवढा अभ्यास आवश्यक असल्यास, मोजता येतो. कॅलिफोर्नियाचे स्वतःचे नियम शिक्षणाच्या बाबतीत याहून बरेच सैल आहेत. डेंटल असिस्टंटचा अभ्यासक्रम बहुधा वर्षभराचा असतो आणि त्याच्या शेवटी ठरावीक नोकरी दिसते. रोजगार सल्लागाराला मंजुरी द्यायला यापेक्षा सोपे शिक्षण क्वचितच मिळते.

एक अट मात्र कटाक्षाने पाळावी लागेल. हा अभ्यासक्रम तिच्या लेखी योजनेत, म्हणजे तिने आणि सल्लागाराने सही केलेल्या ‘वेल्फेअर टू वर्क प्लॅन’मध्ये, नोंदवलेला असला पाहिजे. मदत सुरू होण्याआधीच तिने प्रवेश घेतला असेल तर त्याला ‘सेल्फ इनिशिएटेड प्रोग्राम’ म्हणून मान्यता मागता येते. योजनेत नसलेले शिक्षण कितीही प्रामाणिकपणे केले तरी कार्यालयाच्या दृष्टीने ते घडलेलेच नसते. शिवाय कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत या योजनेतील विद्यार्थ्यांसाठी वेगळे समुपदेशक असतात आणि एकट्या पालकांसाठी ‘केअर’ नावाचा स्वतंत्र कार्यक्रम असतो. तास कमी पडत असतील तर तेथून ‘वर्क स्टडी’चे, म्हणजे कॉलेजातच काही तासांचे पगारी काम मागावे. किराणा दुकानाला खरा पर्याय हा आहे.

किराणा दुकानातील कामाला माझा विरोध ते काम हलके आहे म्हणून नाही. रोख पैसे देणारा मालक सहसा पगाराची पावती देत नाही, तासांच्या कागदावर सही करत नाही, आणि उद्या काउंटीने फोन केला तर ओळखही दाखवत नाही. म्हणजे तिने आठवड्याला तीस तास पोती उचलली तरी कार्यालयाच्या नोंदीत ती शून्य तास काम करणारी बाई राहील, आणि पैसे मात्र मिळालेले असतील. ते उत्पन्न तिने सहामाही अहवालात, म्हणजे एसएआर-७ या फॉर्मवर, लिहिले नाही तर पुढे जास्तीची मदत घेतल्याची वसुली निघते आणि प्रकरण फसवणुकीच्या चौकशीपर्यंत जाऊ शकते. माझ्याकडे एक आई होती, तिचे नखे रंगवण्याच्या दुकानात हेच झाले: तास मोजले गेले नाहीत म्हणून मदत कापली गेली, आणि पैसे नंतर उघडकीला आले म्हणून वसुली लागली. एकाच कामाने तिला दोन्हीकडून मार बसला.

याउलट उघड, पावतीचे काम या योजनेत फारसे तोट्याचे नाही. कॅलिफोर्नियात महिन्याच्या कमाईतील पहिले सहाशे डॉलर मोजलेच जात नाहीत आणि उरलेल्यापैकी निम्मेच मोजले जातात. समजा तिने महिन्याला चौदाशे डॉलर मिळवले. सहाशे वजा केल्यावर आठशे उरतात, त्यांचे निम्मे चारशे, आणि मदतीतून तेवढेच कमी होतात. एक हजार डॉलर तिच्या हातात जास्तीचे राहतात. नोकरी धरली की सगळे बंद, ही मराठी मंडळांच्या कट्ट्यांवर नेहमी ऐकू येणारी समजूत निदान या राज्यापुरती खरी नाही.

काउंटीची माणसे कागदांच्या बाबतीत इतकी चिवट का असतात, हे कळले तर तिला त्यांचा राग थोडा कमी येईल. २२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने गरीब कुटुंबांना १९३५पासून मिळणारा रोख मदतीचा हक्क संपवला आणि त्याजागी राज्यांना ठोक अनुदान देणारी ‘टॅन्फ’ ही योजना आणली; कॅल्वर्क्स हे तिचेच कॅलिफोर्नियातील रूप. त्या अनुदानाची रक्कम सुमारे साडेसोळा अब्ज डॉलर ठरली, आणि महागाई कितीही वाढली तरी ती आजही जवळपास तेवढीच आहे. मदत घेणाऱ्या, काम करू शकणाऱ्या प्रौढांच्या कुटुंबांपैकी निम्म्यांनी ठरलेले तास भरले पाहिजेत, असे उद्दिष्ट राज्यांना दिले गेले आणि ते न गाठल्यास दंड ठेवला. २००६मध्ये सही झालेल्या दुरुस्तीनंतर प्रत्येक तासाचा पुरावा ठेवण्याचे नियम आले. म्हणजे तुमच्या बहिणीचे वीस तास ही तिच्यापुरती शिस्त असतेच, त्याबरोबर राज्याच्या हजेरीपटावरील एक खूणही असते, आणि पुरावा नसेल तर ती खूण करता येत नाही.

या हजेरीपटात एक चमत्कारिक सवलत आहे, तिच्यावर माझा जुना राग आहे. मदत घेणाऱ्या कुटुंबांची संख्या एका आधारवर्षाच्या तुलनेत जितकी टक्के घटेल, तितके टक्के राज्याचे उद्दिष्ट कमी होते. नियम बदलल्यामुळे घडलेली घट वजा करावी लागते, पण एखादे कुटुंब चांगली नोकरी लागल्यामुळे गेले की फॉर्म वेळेवर न पोहोचल्यामुळे बंद झाले, हे त्यात विचारले जात नाही. बरीच वर्षे कित्येक राज्यांचे उद्दिष्ट या सवलतीमुळे जवळजवळ नावापुरतेच उरले होते. आधारवर्ष आता २००५वरून २०१५ केले गेले आहे, त्यामुळे राज्यांवरचा ताण वाढेल आणि कागदांची मागणी आणखी कडक होईल, अशी माझी अटकळ आहे.

न्याय्य आहे का, या दुसऱ्या प्रश्नावर आपल्याकडचा एक दाखला आठवतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५मध्ये तासगाव तालुक्यात सुरू झालेल्या प्रयोगातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना घडली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. तेथेही अट कामाचीच होती. उन्हात खडी फोडल्याशिवाय मजुरी नव्हती. पण तेथे मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी सरकारने घेतली होती. अमेरिकेत मदतीला मुदत असावी हा विचार मांडणाऱ्यांमध्ये हार्वर्डचे डेव्हिड एलवूड हे प्रमुख होते, आणि त्यांच्या मांडणीत मुदत संपल्यावर ज्याला नोकरी मिळत नाही त्याला सरकारने काम द्यावे, हा भाग होता. प्रत्यक्ष कायद्यात मुदत राहिली आणि कामाची हमी गळाली. अट घालणेच अन्यायाचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण ठरावीक तास बाहेर पडण्याच्या सक्तीमुळे सावरलेल्या बायकाही मी पाहिल्या आहेत. मला खटकतो तो एकतर्फीपणा: आईने काय करायचे हे कायद्यात मोजून लिहिले आहे, सरकारने तिला काय द्यायचे हे राज्याच्या मर्जीवर आणि त्या वर्षीच्या तिजोरीवर सोडले आहे.

अशा अटींचा उपयोग होतो का, याचा अभ्यास भरपूर झालेला आहे. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्याच रिव्हरसाइड काउंटीत लवकर नोकरी लावण्यावर भर देणारा प्रयोग फार गाजला आणि देशभर त्याचे अनुकरण झाले. नंतर अनेक शहरांत तुलना करून पाहिले तेव्हा असे दिसले की अट घातलेल्या गटाला नोकऱ्या लवकर लागल्या, पण पाचेक वर्षांत अट नसलेला गटही बराचसा त्यांच्या जवळ आला. आणि जेवढी कमाई वाढली जवळजवळ तेवढी मदत घटल्यामुळे घरातील एकूण पैसा फारसा वाढला नाही. मिनेसोटाने अटीबरोबर काम करणाऱ्यांची मदत हळूहळू कमी करण्याची सोय ठेवली, तेथे मात्र गरिबीच कमी झाली. कॅलिफोर्नियातील ते सहाशे डॉलर म्हणूनच मला अटीपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात. उलट टोकाचे उदाहरण आर्कान्सॉचे. तेथे २०१८मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी कामाची अट लावली गेली, काही महिन्यांत अठरा हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला, आणि नंतरच्या अभ्यासात रोजगार वाढल्याचे आढळले नाही. ज्यांना ती अट लागू होती त्यांतील बहुतेक लोक आधीच काम करत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते. ते कळवायचे कसे हे कित्येकांना कळलेच नव्हते.

हे मी माझ्या टेबलावरही पाहिले. एका आईची हजेरीपत्रके दोन महिने चुकीच्या फॅक्स क्रमांकावर जात होती. मी फाइल उघडून पाहिली तेव्हा कागद नव्हते, म्हणून नियमाप्रमाणे कपातीची नोटीस पाठवली. आधी तिला एक फोन करायला हवा होता, तो मी केला नाही. ती रात्रपाळी करून थकलेल्या डोळ्यांनी पावत्यांची पिशवी घेऊन आली तेव्हा चूक कळली. त्यानंतर मी प्रत्येकीला एकच सांगत आले: कागद दिल्याची पोच घ्या, शिक्का मिळत नसेल तर पानाचा फोटो काढून तारखेसह ठेवा.

कपातीची नोटीस आलीच तर दोन मुदती पाठ असाव्यात. कॅलिफोर्नियात मदत कमी करण्याआधी सहसा दहा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि निर्णयाविरुद्ध सुनावणी नव्वद दिवसांत मागता येते. पण कपात लागू होण्याच्या तारखेआधी सुनावणी मागितली तर निकाल लागेपर्यंत जुनी रक्कम चालू राहते. हरल्यास ती परत करावी लागू शकते, हे लक्षात ठेवावे. धाकट्यासाठी पाळणाघर मिळत नाही म्हणून तास भरता आले नाहीत आणि तसे दाखवता आले, तर सहा वर्षांखालील मुलाच्या एकट्या पालकाची मदत त्या कारणाने कापता येत नाही. हे केंद्राच्या कायद्यातच आहे. तरी कपात झालीच तर कॅलिफोर्नियात फक्त आईचा वाटा जातो आणि मुलांचा राहतो. बहुतेक राज्यांत संपूर्ण कुटुंबाचे पैसे बंद होऊ शकतात.

आता शिदोरीकडे वळते. कॅलिफोर्नियात ही मर्यादा २०११पासून अठ्ठेचाळीस महिने होती आणि मे २०२२पासून ती पुन्हा साठ झाली. महिना मोजताना रक्कम पाहिली जात नाही. नोकरी लागल्यावर मदत घटून पन्नास-साठ डॉलर उरली तरी पूर्ण महिना खर्च होतो. अशा वेळी मी लोकांना कागदावर गणित मांडून दाखवत असे: इतक्या थोड्या रकमेसाठी महिना घालवायचा, की रोख मदत आपणहून थांबवून तो महिना पुढच्या अडचणीसाठी राखायचा? आरोग्य विमा आणि धान्यासाठीची कॅलफ्रेशची मदत वेगळ्या नियमांवर चालतात, आणि रोख मदत सुटल्यावरही पाळणाघराचे अनुदान पुढे दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. थांबवण्याआधी या तिन्हींचे काय होईल हे लेखी विचारून घ्यावे. शिकत असताना, कमाई नसताना, पूर्ण रक्कम घेऊन महिने खर्च करणे शहाणपणाचे. नोकरी लागल्यावर चिल्लर रकमेसाठी ते उधळणे नाही.

काही महिने मोजलेच जात नाहीत. दीर्घ आजारामुळे कामातून सूट मिळालेले महिने त्यांत येतात, आणि वडिलांकडून वसूल झालेल्या पोटगीतून त्या महिन्याची मदत पूर्ण फिटली तर तो महिनाही. काउंटी पोटगीचा मोठा भाग स्वतःकडे ठेवते, दोन मुले असतील तर महिन्याला फार तर दोनशे डॉलर आईला देते, म्हणून पुष्कळ जणी ‘आपल्याला काय मिळणार’ म्हणून पोटगी वसूल करणाऱ्या विभागाकडे दुर्लक्ष करतात. हा महिन्यांचा फायदा त्यांना कोणी सांगितलेला नसतो. साठ महिने संपल्यावर मुले उपाशी पडतील ही आपली भीतीही येथे लागू नाही: प्रौढाचे नाव निघते, मुलांचा वाटा चालू राहतो. पण हा कॅलिफोर्नियाचा निर्णय आहे, देशाचा नव्हे. शेजारच्या अॅरिझोनात मर्यादा सहसा अवघ्या बारा महिन्यांची आहे. घरभाडे स्वस्त म्हणून राज्य बदलण्याचा विचार असेल तर हे आधी पाहावे.

अलीकडच्या बातम्यांमुळे आपण ज्या नव्या अटींचा उल्लेख केला आहे, त्या २०२५च्या कायद्यातील धान्यमदतीच्या आणि आरोग्य विम्याच्या अटी आहेत, कॅल्वर्क्सच्या नव्हेत. धान्यमदतीत चौदा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सूट आहे, आणि जानेवारी २०२७पर्यंत लागू व्हायच्या विम्याच्या अटीत तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांना. तिला त्यांची आज चिंता नको. भारतात येण्याबाबत मात्र सावध राहावे. ग्रीन कार्डधारक सलग १८० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिला तर परतताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी तपासणी होऊ शकते, आणि त्यात रोख मदतीचा प्रश्न निघू शकतो. आईच्या आजारपणासाठी ती नाशिकला लांब मुक्कामाला येणार असेल तर तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावे. हा माझा विषय नाही.

पुढच्या भेटीला तिने कॉलेजचे वेळापत्रक, अभ्यासक्रमासाठी अपेक्षित अभ्यासाचे तास लिहिलेले कॉलेजचे पत्र, पाळणाघराची माहिती आणि काउंटीचे मूळ पत्र बरोबर न्यावे. अभ्यासक्रम योजनेत घालून द्या, आणि आजपर्यंत माझे किती महिने मोजले गेले ते लेखी द्या, अशा दोन मागण्या कराव्यात. इंग्रजीत बोलताना ती अडखळत असेल तर काउंटीने मोफत दुभाषा द्यायचा असतो. मराठीचा बहुधा फोनवरून मिळतो, थोडा वेळ थांबावे लागते. तिने सात वर्षांच्या मुलाला पुढे करून बोलणी करू नयेत. मी अशा बैठका पाहिल्या आहेत. मूल ‘सँक्शन’, म्हणजे मदतीतील कपात, या शब्दापाशी अडते, आणि आई मान डोलावून सही करते.